गालिच्यावरची उजळ पावलं

दुपारी तीन वाजता काकूंच्या पुढच्या खोलीत काळोख केला होता. पडदे ओढले, त्यांच्यावर चादरी टाचल्या, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. एरवी कपड्यांची मापं द्यायला दोन बायका आल्या तरी त्या खोलीत दाटी व्हायची. आज इमारतीतली वीस-बावीस माणसं भिंतींना पाठ लावून उभी होती. सगळ्यांनी काळे कपडे घातले होते, कारण तशी बाबांची आज्ञा होती. मधोमध लाल गालिचा, आणि गालिच्याच्या कडेला काळी शाल पांघरलेले दिवेवाले बाबा.

"कोणी खोकू नका," बाबा म्हणाले. "आत्मा बुजतो."

वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांना नेमका तेव्हाच खोकला आला. निवृत्त झाले तरी शिस्तीचा माणूस. त्यांनी तो रुमालात कोंबून टाकला.

"आता जो प्रकाश पडेल तो साधा नाही," बाबांनी सूर लावला. "हा सूक्ष्मप्रकाश आहे. सूर्यालाही तो झेपत नाही, म्हणून तर पडदे लावावे लागतात!"

कुठेतरी खटका वाजला. बाबांच्या हातात मंद जांभळा उजेड फुलला, आणि खोलीभर एकच 'आँ' उमटला. गालिच्यावर खिडकीजवळ ताटाएवढा पिवळट-हिरवा डाग चमकत होता. तिथून दारापर्यंत एकामागोमाग एक पाच पावलं उमटली होती. निळसर, थंड, चांदण्यासारखी पावलं.

काकू गुडघ्यांवर बसल्या. पावलं उजव्या चपलेची होती आणि प्रत्येकाच्या टाचेवर एक चौकोनी ठिगळ दिसत होतं. ते ठिगळ काकूंनी स्वतःच्या हातानं शिवलं होतं. काकांना नवी चप्पल घ्यायला सांगून सांगून त्या थकल्या, तेव्हा.

"तो काहीतरी म्हणतोय," बाबा डोळे मिटून पुटपुटले. "नीट ऐकू येत नाही... कडी... खिडकीची कडी लाव, म्हणतोय."

लोकांना त्यातलं काहीच कळलं नाही. कडी लाव, हा काय आत्म्याचा संदेश झाला? पण काकूंच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून पोस्टमास्तरांच्या बायकोनं त्यांना मागून धरलं. काकूंची थोरली बहीण, ताई, पुढे झाली आणि त्यांचं डोकं छातीशी घेऊन म्हणाली, "रड, बाळा. मोकळी हो."

काका सव्वा वर्षापूर्वी गेले. बसगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. त्यांना रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी काकूंचा हात घट्ट धरला, आणि शेवटचं बोलले ते एवढंच. मागच्या खिडकीची कडी लाव. नवऱ्याचे शेवटचे शब्द म्हणून जगाला सांगण्यासारखं त्यात काय होतं? काकूंनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांच्या मागे घरात दोनच उरले. काकू आणि म्हातारबा. म्हातारबा म्हणजे कुत्रा. पिल्लू असतानाच त्याच्या कपाळावर एवढ्या सुरकुत्या होत्या की काकांनी हे नाव ठेवलं. आता तो नावाला जागून खरंच म्हातारा झाला होता. शिवणयंत्राच्या पायट्याजवळ झोपायचा आणि काकू दिवसभर त्याच्याशी बोलायच्या. "बघ रे, ही बाई म्हणते कंबर अठ्ठावीस. डोळ्यांना तरी पटतंय का?"

मग अलीकडे खोलीत वास यायला लागला. उग्र, नाकात चढणारा. काकूंनी फरशी पुसली, गालिचा झटकला, उदबत्त्या लावल्या. कधी गालिच्यावर ओल दिसायची, कधी नाही. मापं द्यायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या. मग यायच्याच बंद झाल्या. म्हातारबाचा संशय काकूंना आला नाही असं नाही. पण अकरा वर्षांत ज्यानं एकदाही घरात घाण केली नाही, त्याच्यावर आळ कसा घ्यायचा?

ताईनं ऐकलं आणि म्हणाली, "हे साधं नाही. माझ्या ओळखीत एक बाबा आहेत."

अंधारातल्या त्या दुपारनंतर बाबांनी गालिच्यावर 'शांतिजल' शिंपडलं. गुलाबाचा घमघमाट सुटला. चार दिवसांनी गुलाब ओसरला आणि वास पहिल्यापेक्षा वाईट होऊन परतला. बाबांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

"आत्म्याला वाट सापडलीय," ते म्हणाले. "या मुक्या प्राण्याच्या देहातून तो ये-जा करतो. जनावर घरात असेपर्यंत सुटका नाही. ते घालवा. मग गालिचा माझ्या स्वाधीन करा, मी त्याचं योग्य ते विसर्जन करीन."

"म्हातारबाला घालवू?" काकू म्हणाल्या. "कुठे?"

"माझ्या मैत्रिणीचं शेत आहे," ताई लगेच म्हणाली. "मोकळी हवा, पळायला जागा. मी स्वतः नेऊन सोडते. तुला त्याच्यापायी भावोजींना असं अडकवून ठेवायचंय का?"

काकूंनी पट्टा ताईच्या हातात दिला. म्हातारबा जिन्यापर्यंत गेला, थांबला, वळून बघत राहिला. ताईनं ओढलं तेव्हा गेला.

तीन आठवडे झाले. वास तसाच. म्हणजे आता गालिचाही द्यायचा. हातानं विणलेला तो गालिचा काकांनी वर्षभर जादा पाळ्या करून आणला होता. काकूंना वाटलं, द्यायचाच आहे तर निदान स्वच्छ करून देऊ. त्यांनी तो गुंडाळला, रिक्षात घातला आणि बाजारामागच्या धुलाईखान्यात नेला.

तिथली गालिचेवाली दंडानं भक्कम आणि जिभेनं तिखट. तिनं गालिचा उलटा पसरला, वाकून नाक लावलं आणि सरळ झाली.

"कुत्रं की मांजर?"

"काय?"

"अहो, मूत कुणाचं? पार पाठीपर्यंत मुरलंय. खालचं अस्तर कुजलं असणार."

काकूंना राग आला. "तुम्हाला माहीत नाही. हा वेगळा प्रकार आहे. आम्ही डोळ्यांनी बघितलंय. काळोखात डाग चमकतो."

"चमकेल नाही तर काय करेल?" गालिचेवालीनं टेबलाच्या खणातून एक दिवा काढला. हाताच्या लांबीचा. "या, आत या."

मागच्या बिनखिडक्यांच्या खोलीत तिनं खटका दाबला. तोच जांभळा उजेड. आणि रांगेत टांगलेल्या पाच-सहा परक्या गालिच्यांवर ठिकठिकाणी पिवळट-हिरवे डाग पेटले. काकू चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"असे तीन दिवे आहेत माझ्याकडे," गालिचेवाली म्हणाली. "वाळलेलं मूत या उजेडात चमकतं. डोळ्यांना एरवी दिसत नाही, म्हणून डाग हुडकायला आम्ही हा वापरतो. या सगळ्या घरांत आत्मे शिरलेत म्हणता?"

"पण पावलं? पावलं होती. निळी."

गालिचेवालीनं काकूंचा गालिचा आत ओढून सुलटा केला आणि त्यावर दिवा धरला. पावलं होतीच, जरा फिकी, पण होती. तिनं वाकून ती निरखली. मग कोपऱ्यातली चिमूटभर धुण्याची पावडर पाण्यात कालवली, त्यात अंगठा बुडवला आणि पावलाशेजारी टेकवला. अंगठा तसाच निळा चमकला.

"पिवळं ते जनावराचं. निळं ते साबणाचं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात ना, ते असं चमकतं. कोणीतरी चप्पल साबणात बुडवून ठसे उठवलेत, बाई." मग तिचा आवाज खाली आला. "तुमचं कुत्रं म्हातारं आहे का? पाणी फार प्यायचं का एवढ्यात?"

"दिवसाला तीन-तीन भांडी," काकू म्हणाल्या.

"मग ते आजारी आहे. शहाणं कुत्रं म्हातारपणी एकाएकी घरात करायला लागलं तर त्याला रागवायचं नसतं, डॉक्टरकडे न्यायचं असतं. नेलंत ना?"

काकूंनी दिवा उसना मागितला.

घरी येऊन त्यांनी काकांचं कपाट उघडलं. तळाशी कागदात गुंडाळलेल्या चपला होत्या. पलंगाखालच्या अंधारात आडवं होऊन त्यांनी उजव्या चपलेवर दिवा धरला. तळवा टाचेपासून अंगठ्यापर्यंत निळा पेटला. ठिगळाच्या टाक्यांत तर पावडर अजून साचलेली होती.

कपाटाची किल्ली काकू आणि ताई, दोघींकडेच होती. त्या दुपारच्या आदल्या दिवशी बाबा 'जागा बघायला' आले, तेव्हा काकू शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या आणि घरात ताई थांबली होती. एवढं जुळलं आणि मग तिसरी गोष्ट आपोआप वर आली. कडीचं आपण कोणालाच सांगितलं नाही, असं काकू धरून चालल्या होत्या. पण काकांच्या तेराव्या की चौदाव्या दिवशी, ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडताना, एका माणसाला सांगितलं होतं. बहिणीला सांगणं म्हणजे स्वतःशीच बोलणं, म्हणून ते त्यांनी मोजलंच नव्हतं.

संध्याकाळी ताई आली. काकूंनी चप्पल टेबलावर ठेवली होती.

ताईनं चपलेकडे पाहिलं, मग काकूंकडे. खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं, पण तिला ते जमलं नाही.

"बाबा म्हणाले, आपण थोडी मदत केली की श्रद्धा लवकर बसते," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांना खरंच कळतं. पावलं नसतील उमटत, पण बाकीचं तरी..."

"कडीचं तू सांगितलंस."

"तुझ्या भल्यासाठी केलं गं! सव्वा वर्ष तू त्या कुत्र्याशी बोलत बसलीस. मी रोज येते, माझ्याशी दोन शब्द नाहीत. घर सोड, माझ्याकडे राहायला ये, किती वेळा म्हटलं! कुत्रं गेलं, गालिचा गेला, की तू सुटशील असं वाटलं मला."

"म्हातारबा कुठे आहे?"

ताई रडायला लागली. शेत नव्हतंच. गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्याच्या फाटकाला बांधून ती निघून आली होती. आतसुद्धा गेली नव्हती, कारण आत मालकाचं नाव विचारतात.

"ते त्यांचे शेवटचे शब्द होते," काकू शांतपणे म्हणाल्या. "तू ते एका भामट्याला नेऊन दिलेस. ऊठ. किल्ली ठेव आणि जा."

निवाऱ्यात म्हातारबा शेवटच्या जाळीत होता. काकूंचा आवाज ऐकून उठला आणि चुकीच्या दिशेला वळला. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर दुधी पडदा आला होता.

"साखरेचा आजार आहे," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून एवढं पाणी आणि म्हणूनच घरात होत होतं, त्याला धरवत नव्हतं. उपचार आम्ही सुरू केलेत, रोज सुई द्यावी लागेल. नजर मात्र... थोडं आधी आणलं असतं तर कदाचित फरक पडला असता. इतक्या झपाट्यानं जाते ती या आजारात."

काकूंनी त्याचं डोकं ओंजळीत घेतलं. तो त्यांची बोटं हुंगत राहिला आणि शेपूट हलवत राहिला. त्यांना वाटलं, यानं एकदा तरी गुरगुरायला हवं होतं.

पुढच्या रविवारी पोस्टमास्तरांच्या घरी अंधार केला होता. त्यांच्या सुनेच्या अंगावर पुरळ उठत होतं आणि बाबा तिच्या उशीवर 'करणी' दाखवणार होते. काकू गालिचेवालीला घेऊन वर गेल्या. भिंतीशी ताईही उभी होती.

बाबांनी दिवा लावला, उशीचा अभ्रा निळा पेटला आणि लोकांनी श्वास रोखला.

"ही करणी!" बाबा गरजले.

"बाबा," काकू मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्या शालीची शिवण उसवलीय. द्या, लगेच टाका घालते." आणि बाबा हो-नाही म्हणायच्या आत सवयीच्या हातांनी त्यांनी शाल उतरवून घेतली. गालिचेवालीनं आपला दिवा वर धरला.

आतला पांढरा अंगरखा असा लखलखला की पोस्टमास्तरांना खोकला आवरेना. बाबा डोक्यापासून पायापर्यंत निळे झाले होते.

"अगं बाई," गालिचेवाली म्हणाली, "यांच्यावर तर अख्ख्या गावानं करणी केलीय!"

पहिल्यांदा सूनच हसली. मग हसू भिंतीभिंतीनं पसरलं. गालिचेवालीनं पडदे उघडले. स्वयंपाकघरातून धुण्याची पावडर मागवून तिनं पोस्टमास्तरांच्या तळहातावर लावली, पडदा ओढून दिव्यात दाखवली, परत उघडला. बाबा "जिथे श्रद्धा नाही तिथे मी थांबत नाही" असं काहीसं म्हणत जिना उतरले. शाल न्यायची राहिली.

"सुनेला कातडीच्या डॉक्टरकडे न्या," काकू पोस्टमास्तरांना म्हणाल्या. "आजच."

"पण काकू," पोस्टमास्तर ओशाळून म्हणाले, "तो दिवा, ती पावलं, ते ठीक. तुमच्या यजमानांचं बोलणं मात्र त्याला कसं कळलं?"

काकूंनी भिंतीशी उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं नाही.

"सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे घरी जाऊन हाच प्रश्न स्वतःला विचारा. घरात वास आला तर आधी वाकून बघा. ओल असेल तर कोरड्या फडक्यानं टिपा, गालिच्याखालचं अस्तर उचला, जनावराला डॉक्टरकडे न्या. अंगावर पुरळ उठलं तर साबण बदलून बघा. आणि कोणी परका माणूस तुमच्या मनातलं बोलला, तर त्याच्या पायाशी बसू नका. ते आपण कोणाला सांगितलं होतं, तेवढं आठवा. मी आठवलं नाही. मी हात जोडले. त्या तीन आठवड्यांत माझ्या कुत्र्याची दृष्टी गेली."

कोणीतरी दाराजवळ हलकेच सरकलं, आणि जिन्यावर पावलं वाजत खाली गेली. काकूंनी ती ओळखली. त्या मागे गेल्या नाहीत. म्हातारबाच्या सुईची वेळ व्हायला अजून दहा मिनिटं होती. तेवढ्यात त्यांनी सुनेला डॉक्टरचा पत्ता लिहून दिला.