उप्पिटाआधीचा शब्द

रचनाचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. बेळगावला टिळकवाडीत निशांतच्या घरी दुसऱ्यांदा जायचं होतं, तेही रविवारच्या नाष्ट्याला. पहिल्या खेपेला नुसता चहा झाला होता. आज शरदरावांच्या खेळात बसायचं होतं, आणि या घरात सून म्हणून यायचं की नाही, ते आज ठरवूनच टाकायचं असं तिनं मनाशी धरलं होतं. गावी गुंजीला वडिलांनी, आप्पांनी, तिला मोकळं सोडलं होतं. तुझं तू बघ म्हणाले होते. त्यामुळं तर तिची झोप उडाली होती.

शरदराव म्हणजे निशांतचे वडील, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा खेळ असा: रविवारी सकाळी फाटकासमोरून जाणाऱ्या पहिल्या दोन गाड्यांच्या नंबरप्लेटवरची अक्षरं घ्यायची. कर्नाटकाचं केए आणि बेळगावचं बावीस सोडून. ते तर इथं सगळ्यांच्याच कपाळी लिहिलेलं. मग ती सगळी अक्षरं ज्यात सापडतील असा इंग्रजी शब्द शोधायचा. क्रम कसाही चालेल, पण सर्वात लांब शब्द ज्याचा, उप्पिटाची पहिली बशी त्याची. रचना आणि निशांत एकाच सीएच्या ऑफिसात कामाला. त्याच्या तोंडून हे ऐकल्यापासून तिला नादच लागला होता. रोज गुंजीहून गाडीनं येताना ती दिसेल तिथली अक्षरं उचलायची आणि लांबलचक शब्द जुळवत बसायची. एकदा तर शब्दाच्या नादात बेळगाव स्टेशनात उतरायचीच राहत होती.

आणि काल संध्याकाळी निशांतनं हळूच सांगितलं, की बाबांना जिंकू द्यायचं हं. आम्ही सगळे तसंच करतो. एखादा मध्यम, बरा शब्द सांगायचा आणि वा म्हणायचं. तिनं का म्हणून विचारलं, तर म्हणाला, घरात शांतता राहते. इतक्या साध्या सुरात म्हणाला, की तिला राग यायलाही उशीर लागला. राग घरी जाताना गाडीत आला आणि अजून उतरला नव्हता.

तर सगळे टेबलाशी बसले. फाटकासमोरून एक स्कूटर गेली, एच बी. मागोमाग मालाचा टेम्पो, त्यावर नुसताच डी. शरदरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. झाकणाखालून उप्पिटाचा वास येत होता आणि कुणाची हात लावायची टाप नव्हती.

रचनाला आधी 'हजबंड' सुचला आणि तिचे कान तापले. मग ती सवयीनं पुढं निघाली. शेवटाला 'हुड' लावलं की एच आणि डी एका दमात येतात, राहतो फक्त बी. तो कुठं बसेल ते चाचपता चाचपता तिला 'नेबरहुड' सापडला. तेरा अक्षरं! ती खुर्चीतच सावरून बसली, आणि लगेच आठवलं की हा सांगायचा नाही. ताटात आलेला घास उचलून परत ठेवायला सांगावं, तसं तिला झालं.

तेवढ्यात तिचं लक्ष समोर गेलं. निशांतच्या आई, वसुधाकाकू, पदराआड बोटांची पेरं मोजत होत्या. अंगठा चारी बोटांवरून फिरला, बारा पेरं संपली, आणि तो पुन्हा पहिल्या पेरावर येऊन टेकला. काकूंच्या चेहऱ्यावर हसू आलं. वेळ संपली तेव्हा ते पुसून काकू म्हणाल्या, की मला बाई हजबंडच सुचला. निशांत म्हणाला, माझाही तोच.

शरदराव खुशीत आले. ब्रदरहुड म्हणाले, अकरा अक्षरं. मायलेकांनी एका सुरात वा म्हटलं. वर्षानुवर्षांची तालीम होती ती. मग शरदरावांनी रचनाकडं पाहिलं.

निशांतनं टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला. तो ठेवला नसता, तर कदाचित ती हजबंड म्हणूनही गेली असती.

"नेबरहुड," ती म्हणाली. "तेरा होतात, सर."

शरदरावांनी कागदावर स्पेलिंग लिहून एकेका अक्षरावर पेन्सिल टेकवली. बरोबर होतं. त्यांनी हसायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोला. या टेबलावर मला पहिल्यांदाच कुणी हरवलं म्हणाले, आणि बशी तिच्यापुढं सरकवली.

"पहिल्यांदा नव्हे," वसुधाकाकू म्हणाल्या. "लग्न झाल्या वर्षी मी हरवलं होतं. आजही माझ्याकडं हाच शब्द होता. पुष्कळदा तुमच्याहून लांब असतो."

"मग बोलत का नाहीस?"

"तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत."

शरदरावांना ते आठवलं की नाही, कोण जाणे. त्यांनी बायकोकडं पाहिलं. मग मुलाकडं वळून, तूसुद्धा का, असं विचारलं. निशांत रिकाम्या बशीत चमचा फिरवत राहिला. तेवढं उत्तर त्यांना पुरलं. इतकी वर्षं ऐटीत खाल्लेली पहिली बशी दान म्हणून मिळत होती, हे कळल्यावर भूक कुठून राहणार? ते उठून आत गेले आणि दार हळूच लावून घेतलं. रचनाला त्यांची दया आली. काकूंची त्याहून जास्त आली.

निशांत तिला स्टेशनवर सोडायला आला. गाडी लागलेली होती. ती चढल्यावर खिडकीशी येऊन तो म्हणाला, की एका शब्दासाठी एवढं करायची काय गरज होती.

"तुला खरंच हजबंडच सुचला व्हय?" तिनं विचारलं.

"मी शोधतच नाही गं," तो म्हणाला. "लहानपणापासूनची सवय. छोटा सापडला की थांबतो."

तो खरं बोलत होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. काकू गप्प बसत होत्या, पण निदान शोधत तरी होत्या.

"मला न्हाय जमणार तसं," ती म्हणाली. "मी शोधणार, आन् सापडलं की बोलणारच. ते चालत असंल तर गुंजीला ये, आप्पांना विचार. न्हायतर येऊ नको."

"पण बाबांना काय सांगू?"

"मी तुला विचारलंय रं, निशांत."

गाडी हलली तसा तो दोन पावलं बरोबर चालला आणि थांबला. रचनाला रडू फुटलं. तो तिला मनापासून आवडत होता, आणि तो गुंजीला यायचा नाही, हे तिला तेव्हाच कळून चुकलं.