तिसऱ्या मेणबत्तीचा डाग

“हेडविग, मेणबत्त्यांच्या वर चित्र टांगू नकोस गं. धुरानं काळं पडेल,” सासूबाई रोझाली म्हणाल्या होत्या.

“पडू दे की, आई. तरी तुमच्या करपलेल्या केकपेक्षा गोरंच दिसेल!” हेडविग हसली आणि तिने मला तिथेच टांगले.

मित्रांनो, ते जुने चित्र म्हणजे मी. पांढऱ्या कापडावर पेअरची तीन फळे आणि एक गांधीलमाशी, एवढाच माझा संसार. हॅम्बुर्गच्या त्या ज्यू घरात मला सगळ्याचेच कुतूहल. दर शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी, त्यांचा पवित्र शब्बाथ सुरू होताना, हेडविग माझ्याखाली मेणबत्त्या लावी आणि डोळे झाकून काहीतरी पुटपुटे. ती काय मागते, ते मला कधीच नीट ऐकू आले नाही. घरची रीत अशी, की मेणबत्त्या दोन. मूल जन्मले की त्याच्या नावाची आणखी एक. नाझी सत्तेवर आले, त्यानंतरच्या हिवाळ्यात ट्रूड जन्मली आणि माझ्याखाली तिसरी ज्योत आली.

ती बोलायला लागली तोवर तिच्या वडिलांचा दवाखाना बंद पाडला गेला होता. पळून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. चित्रांचा दलाल आला.

“आज विकताय तर घेतो, बाई. उद्या असंच उचलून नेतील.”

हेडविगने मला उतरवले.

“आई, गांधीलमाशीला पण नेणार ते?” ट्रूडने विचारले.

पुढे मी संग्रहालयात आले. लोकांनी कौतुक केले, नंतर विसरले. मग एके दिवशी काठी टेकत एक म्हातारी आली. ट्रूड! तिने मला परत मागितले. संग्रहालय म्हणाले, “हे नाझी येण्याआधीच राजीखुशीने विकले होते.” दलालाच्या कागदावर तारीखच नव्हती. खटला उभा राहिला.

त्याच सुमारास मला स्वच्छ करायचे ठरले. हे काम संग्रहालयातल्या सिल्के नावाच्या तरुणीकडे होते. तिने आधी ट्रूडला मला जवळून बघायला बोलावले.

“खाली हे धुराचे डाग आहेत, बघा. दोन गडद, तिसरा फिका. पुसून टाकते.”

ट्रूड वाकली. “थांब गं पोरी. तो तिसरा डाग म्हणजे मी.”

तिने मेणबत्त्यांची रीत सांगितली. सिल्केने हातातला कापूस खाली ठेवला. ट्रूडच्या जन्मानंतरही मी त्याच भिंतीवर होते, तर मग नाझी येण्याआधीच कसे विकले गेले?

“डागाची साक्ष? उद्या गांधीलमाशीलाही पिंजऱ्यात उभी कराल!” संग्रहालयाचा वकील म्हणाला.

“करा की. डसली तर मला सांगू नका,” ट्रूड म्हणाली.

निकाल सोमवारी आहे. तोवर ट्रूड दर शुक्रवारी दुपारी माझ्यासमोरच्या बाकावर बसते आणि मेणबत्त्या लावायला वेळेत घरी जाते.

मित्रांनो, डाग दिसला की लगेच पुसू नका. कुणाचा आहे ते आधी विचारा. आणि आणखी एक. आज शुक्रवार आहे, ऊन उतरले, तरी बाक रिकामाच आहे. मला भिंत सोडता येत नाही. संग्रहालयामागच्या गल्लीत, बेकरीच्या वर ती एकटी राहते. तिच्या खिडकीत ज्योत दिसते का, कुणी बघून येता का?