परत आलेला कोट

मित्रांनो, माझ्या पाठीवर दोनदा सुई चालली आहे आणि दोन्ही वेळा ती एकाच माणसाने चालवली. मी एक जुनी कादंबरी आहे. नेमके सांगायचे तर एका शाळेच्या ग्रंथालयातली तिची एकुलती एक प्रत.

माझ्यात एका मुलीच्या मोठे होण्याची गोष्ट आहे. तिला सगळे धाकटी म्हणतात. वडील नावाडी, आई नाही, आणि घरात एक आत्या, जी बोलते तिखट पण स्वतःच्या ताटातले हळूच धाकटीच्या ताटात सरकवते. धाकटी आईचा तपकिरी कोट घालते. सुरुवातीला त्याच्या बाह्या तिला दोनदा दुमडाव्या लागतात, पुढे एकदाच, आणि एके दिवशी दुमडाव्या लागतच नाहीत. त्या दिवशी ती तो कोट शेजारच्या कुडकुडणाऱ्या चिमुरडीला देऊन टाकते. मग शेवटच्या प्रकरणात भर वाऱ्यात, बिनकोटाची, स्वतः वल्ही मारत ती पैलतीराला जाते. माझ्या लेखिकेने असे लिहिले होते. माझ्यात मात्र पुष्कळ वर्षे तसे नव्हते.

त्याचे असे झाले. मुलांनी मला इतके वाचले की मी खिळखिळी झाले आणि ग्रंथपालांनी मला बाइंडरकडे धाडले. त्याने माझी शिवण उसवून सोळा-सोळा पानांच्या जुड्या सुट्या केल्या. त्यांना तो फर्मे म्हणे. तेवढ्यात त्याच्या मांजराने उडी मारली आणि माझे फर्मे जमिनीवर विखुरले. चष्मा नेमका घरी राहिला होता; पण त्याचा स्वतःच्या बोटांवर भारी भरवसा. पाने चाचपून त्याने फर्मे रचले, शिवले आणि झिजलेल्या कडा हात सैल सोडून कापल्या. कडांबरोबर पानांचे आकडेही गेले. म्हणजे चूक झाली आणि चुकीचा पुरावाही नाहीसा झाला! कोट देण्याचे अख्खे प्रकरण शेवटाकडून उचलले जाऊन मध्यावर येऊन बसले. प्रकरणांना क्रमांक नव्हते आणि हे प्रकरण पुरे सोळा पानांचे, म्हणजे नेमका एक फर्मा, त्यामुळे वाक्य कुठेच तुटले नाही. माझ्या धाकटीने कोट दिला आणि पान उलटताच तो पुन्हा तिच्या अंगावर दिसू लागला.

त्याच काळात एक शाळकरी मुलगी मला घरी घेऊन गेली. तिची आई नुकतीच वारली होती. कोट परत आलेला वाचून ती माझ्यावर डोके ठेवून रडली आणि दुसऱ्या दिवशी, कित्येक दिवसांनी, शाळेत गेली. पुढे तीच त्या शाळेत शिक्षिका झाली. दरवर्षी ती मला हातात धरून शिकवी, "दिलेला कोट परत येतो, कारण आईची माया दिली म्हणून संपत नाही." तेवीस वर्षे मुलांनी ते उत्तर परीक्षेत लिहिले आणि गुण मिळवले. माझा ऊर अभिमानाने भरून येई.

मग वर्गात एक मुलगी आली, जिला मैत्रिणी वकीलसाहेब म्हणत.

"बाई, कोट देताना बाह्या बरोबर बसत होत्या ना? मग पुढच्या प्रकरणात परत एक घडी कशी?"

"लोकांचे कपडे धुतल्यावर आटतात, हिचा वाढला!" मागच्या बाकावरून आवाज आला.

"दुःखात माणूस पुन्हा लहान होतं गं," बाई म्हणाल्या. "हा कोट आठवणीतला आहे."

"पण बाई, पुढे त्या कोटाचं बटण तुटतं. आठवणीचं बटण कसं तुटतं?"

वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या, पण माझ्या पुठ्ठ्यावरची त्यांची बोटे घट्ट झाली.

आठवड्याने वकीलसाहेब मधल्या सुट्टीत ग्रंथालयात आली. मावशीच्या कपाटातून तिने माझीच एक सख्खी बहीण शोधून आणली होती, पानांच्या आकड्यांसकट. "वर्गात नाही काढलं, बाई. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं."

बाईंनी आम्हा दोघींना शेजारी ठेवले. बराच वेळ त्या नुसती पाने उलटत राहिल्या.

"म्हणजे कोट परत आलाच नव्हता," त्या अखेर हळूच म्हणाल्या.

पोरगी गडबडली. "मी हे मावशीला देऊन टाकते. कुणाला कळणार नाही, बाई."

"अगं, वकील तूच आणि खटलाही तूच मागे घेतेस?" बाईंनी डोळे पुसले. "उद्या वर्गात मीच सांगते. धाकटीला कोट देता आला, मग मला का येऊ नये?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी सारे सांगितले. मग मागचा बाक काळजीने म्हणाला, "बाई, माझ्या ताईला त्या उत्तराचे पैकीच्या पैकी मिळाले होते. ते परत द्यायचे का?" एवढे हसू त्या वर्गाने क्वचितच ऐकले असेल.

मला मात्र हसू येईना. ग्रंथपाल म्हणाले होते, "मग ही प्रत रद्दीत टाकू?" माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी मला उचलले, पदराने पुसले आणि थेट त्या बाइंडरकडे नेले. तो आता थकला होता. त्याने माझी पाने चाचपली आणि ओशाळून हसला.

"ही पानं मळून सगळ्यांत मऊ पडली होती, बाई. लोक पुस्तक सुरू करतात आणि मध्येच सोडतात. त्यामुळे आधीची पानं मळतात, शेवटची कोरी राहतात. म्हटलं, ही आधीचीच असणार."

"आधीची नव्हती हो," बाई म्हणाल्या, "सगळ्यांत जास्त वाचलेली होती."

त्याने मला पुन्हा उसवले आणि या वेळी चष्मा लावून शिवले. आता कोट द्यायचा तिथेच दिला जातो. जुन्या जागी बाईंनी एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'इथे एकदा कोट परत आला होता.' नवी मुले ती वाचून बाईंकडे धावतात आणि बाई ती हकीकत दर वेळी थोडी रंगवून सांगतात.

मित्रांनो, माझे कोपरे दुमडू नका, पाने ओढू नका. पण मळेल या भीतीने मला कपाटातही कोंडू नका. हात धुऊन या, पण या.