आपोआप बंद पडणारं मशीन

दुपारी साडेतीनला सुहासिनी लेलेचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. आवाज नाही, सूचना नाही. पडदा काळा झाला आणि एका कथेचं अर्धं पान त्याच्याबरोबर गेलं.

ऑक्टोबर १९९६. डोंबिवली पूर्वेला, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत सुहासिनी मजकूर टाइप करून छपाईची पानं लावून द्यायची. शेजारच्या खुर्चीत भाऊ खरे बसले होते, दिवाळी अंकाचे संपादक. इतकी वर्षं त्यांचा अंक शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून निघे. कॉम्प्युटरवर यंदा पहिल्यांदाच. कोपरीतल्या छापखान्याने आज रात्रीची पाळी त्यांच्यासाठी राखली होती. संध्याकाळच्या आत बटर, म्हणजे पारदर्शक कागदावर काढलेली पानं, तिथे पोचली नाहीत तर पाळी दुसऱ्याला जाणार आणि अंक दिवाळी उलटल्यावर येणार.

"दिवाळीनंतरचा दिवाळी अंक रद्दीवालासुद्धा हसत घेतो," भाऊ म्हणाले. सकाळपासून हे ते दुसऱ्यांदा म्हणत होते. "लाइटचा प्रॉब्लेम आहे. व्होल्टेज पडतंय. मी वीज मंडळाला गेल्या वर्षीच पत्र लिहिलंय."

"पत्र राहू द्या भाऊ. तो टेबललॅम्प द्या इकडे."

तिने लॅम्प त्याच बोर्डाला लावला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. चहा गार होण्याआधीच पडदा काळा झाला. लॅम्प जळतच होता.

"वीज मंडळ निर्दोष सुटलं," ती म्हणाली.

"मग व्हायरस."

"व्हायरस जेवणाची सुट्टी बघून येत नाही. सकाळी हे तासभर चाललं, मग पडलं. आपण जेवून आलो, तर परत बराच वेळ चाललं. आता लगेच चालू केलं की लगेच पडतंय. थंड असलं की चालतं, तापलं की बंद."

मशीन बसवून देणारा गुरुदत्त टिटवाळ्याला सासुरवाडीला गेलेला. फोनवर सापडला, पण म्हणाला एवढंच, "ताई, मागे पंखा आहे ना, तो पत्र्याचा डबा उघडू नका. धक्का बसेल. मी उद्या सकाळी येतो."

उद्या सकाळ सुहासिनीच्या कामाची नव्हती. तिने प्लग काढला, मशीन फिरवून पाठ पुढे घेतली आणि पत्र्यावर हात ठेवला. नुकतीच फिरवलेली इस्त्री असावी तसा तो तापला होता. जाळीतून टॉर्च मारला. पंख्याच्या आसाभोवती दोरा घट्ट गुंडाळला होता आणि त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या.

"भाऊ, दसऱ्याला याला हार कोणी घातला?"

"मी. छपाईच्या जुन्या ट्रेडल मशीनला दरवर्षी घालायचो, त्याच मापाचा आणला होता. म्हणून दोन वेढे द्यावे लागले."

"आणि काढला कोणी?"

"मीच. निघेना, म्हणून ओढला, तर दोरा तुटला. ट्रेडलला कधी काही झालं नाही."

"ट्रेडलला पंखा नव्हता."

आतून तिच्या सासूबाईंचा, सुमतीबाईंचा आवाज आला. "मी म्हटलं होतं, नुसतं कुंकू लावा. पण संपादकांना कोण सांगणार?"

"सुमतीबाई, तुमची ही तक्रार मी पुढच्या अंकात वाचकांच्या पत्रांत छापतो."

"आधी हा अंक काढा."

डबा उघडायची गरजच नव्हती. सुहासिनीने भुवया कोरायचा चिमटा जाळीतून आत घातला, दोरा धरला, आणि जिथे सैल झाला तिथे कातरीच्या टोकाने कापला. तुकडा तुकडा बाहेर आला. पेन्सिलीने पातं ढकललं तर पंखा फिरला, पण कुरकुरत. तिने मशीन पुरतं निवू दिलं. भाऊ तेवढ्या वेळात तीनदा घड्याळाकडे आणि एकदा देवाकडे बघून आले.

मशीन सुरू झालं. मागून हवा येऊ लागली.

"झालं तर," भाऊ म्हणाले.

"झालं नाही. दोरा निघाला. तापून आत काय बिघडलंय ते चाललं की कळेल." तिने गेलेलं अर्धं पान पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. दर परिच्छेदाला फ्लॉपीवर उतरवत होती. "तुम्ही चपला घालून बसा. शेवटचं पान निघालं की उठायचं."

सहाच्या सुमारास चार सोडून बाकी सगळी पानं बटरवर निघून टेबलावर होती. कोपरीहून फोन आला: साडेसातपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याचं काम चढवतो. पंख्याची कुरकुर आता स्वयंपाकघरात ऐकू येत होती. मागून येणारी हवा कोमट होती, आणि मशीन चालू होतं.