पापणीखालची वाटी

"डोळा सैल सोडा, काकू. एकदम सैल. वाटी बसवतेय मी."

"हो," घड्याळवाल्या बाई म्हणाल्या.

सिस्टरने पापणी उचलून धातूची नखाएवढी वाटी बुबुळावर सरकवली. बधिर करणारे थेंब आधीच घातलेले असल्याने स्पर्श कळला नाही. कळला तो केवळ भार. उजव्या डोळ्यापुढचे जग विझले. डाव्यावर अगोदरच काळी पट्टी होती. त्या निबिड अंधारात उताण्या पडल्या पडल्या बाई स्वतःच्या छातीतले ठोके मोजू लागल्या. बंद पडलेल्या यंत्राशी कान लावण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना दुसरे सुचणार तरी काय? ठोके पुढे पळत होते.

बाईंच्या उजव्या डोळ्याभोवती, पापणीपासून गालाच्या हाडापर्यंत, जन्मापासून एक निळसर डाग होता. पन्नाशी जवळ आली तसा तो गडद होत गेला, आणि त्याचा रंग नेमका असा झाला की जणू परवाच कोणी ठोसा मारला असावा. घड्याळ दुरुस्तीला देणारी गिऱ्हाइके तो पाहून आवाज खाली आणीत, आणि मग त्यांची दृष्टी त्याच गाळ्यात, काचेच्या फळीपलीकडे शिलाईयंत्रावर बसलेल्या बाईंच्या यजमानांकडे वळे. ज्या पुरुषाने उभ्या जन्मात पत्नीवर आवाजही चढवला नव्हता, त्याच्याकडे. एका स्त्रीने तर शिवायला दिलेले कापड परत मागून घेतले. "बायकोवर उगारता त्या हातानं माझ्या मुलीचा झगा नको," असे ती सरळ म्हणाली. यजमानांनी कापड घडी करून परत दिले. मापाची फीत त्यांनी गुंडाळून ठेवली, फार सावकाश.

त्याच आठवड्यात बाईंनी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

"फायदा आहे, खोटं नाही सांगत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "लेझरच्या सहा-आठ बैठका, मध्ये दोन-तीन महिने विश्रांती. डाग पुष्कळ फिका होतो."

"आणि तोटा?" यजमानांनी विचारले.

"सूज येते, खपली धरते. ऊन लागू दिलं नाही तर बरं. तरी काहींची कातडी आणखी काळवंडते, काहींना पांढरे ठिपके राहतात. एखाद्याला वण. काही वर्षांनी डाग परतूही शकतो."

"आणि डोळा?"

"पापणीवर काम करताना खाली वाटी घालतो. ती जागेवर असली की भीती नाही."

"नसली तर?"

"किरण आत गेला तर डोळ्यातला पडदा भाजतो. तो पुन्हा नीट होत नाही."

घरी जाताना यजमान पुटपुटले, "अगं, माझं चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येतं. इथे उसवायचं कुठे?"

"तुम्ही फक्त मापं घ्या. बोलू नका."

"लग्नापासून तेच करतोय."

गालावरच्या दोन बैठका निर्विघ्न पार पडल्या. धुतलेल्या कापडावरची शाई उतरावी तसा गालाचा निळा रंग उतरला. आज पापणीची पाळी होती.

पहिला किरण सुटला. ताणलेला रबर कातडीवर सोडावा तसा चटका बसला. दुसरा, तिसरा. जळक्या केसांचा दर्प नाकात शिरला आणि बाईंच्या मनात एकच वाक्य घुमू लागले: तो पुन्हा नीट होत नाही.

तीस वर्षे त्यांनी याच डोळ्याच्या खोबणीत भिंग धरले होते. त्या भिंगाला ना दांडी, ना दोरी. भुवई खाली आणि गाल वर, एवढ्याच पकडीवर ते उभे असे. काम जितके नाजूक, तितकी पकड घट्ट. हात कापेल असे भय वाटले की स्नायू आपोआप आवळत. सिस्टरला 'हो' म्हणताना बाईंनी हे सांगितले नव्हते. श्वास घेण्याइतकी अंगवळणी पडलेली गोष्ट कोण सांगतो?

पाचव्या चटक्याला भुवई खाली आली, गाल वर गेला.

"थांबा! मॅडम, वाटी सरकली!"

यंत्राची घरघर थांबली. मग डॉक्टरीणबाईंचा अगदी हलका आवाज आला. "आधी सरकली की किरण सुटल्यावर?"

"नाही कळलं, मॅडम."

वाटी निघाली. पट्टीही निघाली.

"उजव्यानं काय दिसतंय?"

"धुकं."

"मलम आहे त्यात. घाबरू नका. वरच्या मजल्यावरून डोळ्यांचे डॉक्टर येतायत."

यजमानांना आत बोलावले. ते खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारखे बसले. बाईंनी डावा डोळा तळहाताने झाकला.

"अहो, जवळ या. तुमच्या सदऱ्याच्या बटणाला भोकं किती?"

"चार."

"सांगू नका हो! मला बघायचं होतं."

"चुकलं."

बटण म्हणजे नुसता पांढरा ठिपका होता. घड्याळातली केसाहून बारीक कमान ज्या नेत्राने श्वासासारखी मिटता-उघडताना पाहिली होती, त्याला आता बटण दिसत नव्हते. बाईंचे हात गार पडले. यजमानांनी ते आपल्या हातांत घेतले. त्यांचे त्याहून गार होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, वाट पाहिली, मग दिवा लावून फार वेळ आत पाहत राहिले.

"पडदा स्वच्छ आहे," ते अखेर म्हणाले. "वाटीनं बुबुळावर ओरखडा पडलाय, तो भरेल दोन-तीन दिवसांत."

बाईंना रडू आले नाही. त्यांनी पुन्हा डावा डोळा झाकून त्या बटणाकडे पाहिले.

"उरलेली पापणी पूर्ण भूल देऊन करता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको. राहू द्या."

"मग डाग नेमका डोळ्याभोवती राहील. गाल फिका झालाय, त्यामुळे उलट उठून दिसेल."

बाईंनी यजमानांकडे पाहिले. "लोक तुम्हालाच..."

"बघू देत," ते म्हणाले. "चल."

उजव्या डोळ्यावर पट्टी, गाल सुजलेला, लाल. बाहेरच्या दालनातले बोलणे थांबले. लोकांचे डोळे आधी बाईंकडे गेले, मग यजमानांकडे. अशा वेळी ते नेहमी चार पावले मागे राहत, अनोळखी असल्यासारखे. पण एका डोळ्याने जिन्याची पायरी किती खाली आहे ते कळेना. बाईंचा पाय पहिल्याच पायरीवर अधांतरी थबकला. यजमानांनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"अजून सहा," ते म्हणाले. "पाच. सावकाश."

वर येणारी एक तरुणी भिंतीला टेकून उभी राहिली. तिने पट्टी पाहिली. मग तो दंडावरचा हात पाहिला, आणि तिचे ओठ आवळले.

हात सुटला नाही.

"अजून दोन," यजमान मोठ्याने म्हणाले. "एक. झालं. आता सपाट आहे."