हानेसावाची मोजणी

पितरांपुढे ऊन भात आणि पाणी ठेवून किनुएनं हात जोडले आणि आज कुणावरही चिडायचं नाही, असं मनाशी ठरवलं. हा निश्चय हानेसावा स्थानकाची चढण चढून होईपर्यंत टिकला. स्थानकासमोर वाडीतल्या अकरा छोट्या मालवाहू मोटारगाड्या ओळीनं उभ्या होत्या.

"अहो प्रमुख, गाड्या घेऊन का आलात सगळे?"

"मग कढणाचा हंडा काय काखोटीला मारून आणायचा?" गावप्रमुख मोरिवाकी खुशीत होते. "आत जाऊन बघा तरी, किनुए-सान. आपलंच स्थानक ओळखायचं नाही तुम्हाला."

खरंच ओळखू येत नव्हतं. फलाटावरचं एकूण एक वाळकं पान झाडून नेलं होतं. प्रवाशांच्या खोलीत बाकांवर घरच्या उशा, मधोमध रॉकेलची शेगडी, तिच्यावर किटली, कोपऱ्यात अळकुड्या-अळंबीच्या कढणाचा हंडा, शेजारी भाताचे मुटके. सगळी वाडी लोटली होती. म्हणजे चौदा माणसं, सगळ्यात तरुण एकसष्ट वर्षांचं. त्यांच्या गराड्यात गणवेशातला पंचविशीचा एक तरुण अवघडून बसला होता. त्याच्या मुठीत अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं यंत्र होतं आणि त्यावर तीन शून्यं होती.

"हे सेगावा-सान, रेल्वेकडून आलेत," शेजारची चियोमी किनुएच्या कानाशी लागली. "पहाटे पाचला निघालाय बिचारा. तोंड बघ कसं सुकलंय."

किनुएला त्याच्या तोंडाचं काही वाटलं नाही. तिचे डोळे त्या शून्यांवर खिळले होते.

गेल्या हिवाळ्यात रेल्वेनं ठरवलं होतं, की हानेसावाच्या फलाटावरचं बर्फ उपसणं काही परवडत नाही. डिसेंबर ते मार्च गाड्या इथं न थांबता पुढे जातील. वाडीत कुणाचं काही अडलं नाही, कारण घरोघरी मोटार होती. अडलं ते एकट्या किनुएचं. तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि तिचा नवरा ताकेजी अर्धांगवायूनं लुळा पडून खाली हिराओकाच्या शुश्रूषागृहात होता. दर सोमवारी आणि गुरुवारी ती अकरा सव्वीसची गाडी पकडून जायची आणि त्याला आपल्या हातानं भरवायची. तिच्या हातून तो वाडगाभर जेवायचा, परिचारिकांच्या हातून चार घास. त्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी दोनदा घाटातून नेलं. तिसऱ्यांदा मागायला तिची जीभ रेटली नाही. एप्रिलच्या पहिल्या गाडीनं ती पोचली, तेव्हा ताकेजीनं परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. ते पुन्हा उघडायला तीन आठवडे लागले.

यंदा पत्र आलं होतं. नोव्हेंबरात एक दिवस मोजणी होईल. त्या दिवशी हानेसावाहून दहा माणसं गाडीत चढली, तर हिवाळ्यातही गाड्या थांबतील. दहाच! किनुएनं घरोघर जाऊन सांगितलं होतं. "येणार, नक्की येणार," असं प्रत्येकानं कमरेत वाकून कबूल केलं होतं, आणि शब्दाला जागून सगळे आलेही होते.

"सात चाळीसच्या गाडीत किती जण चढले?" तिनं विचारलं.

"तेव्हा शेगडीच पेटत नव्हती मेली," चियोमी म्हणाली.

"म्हणजे एकही नाही?"

"असं कसं बोलता?" मोरिवाकी म्हणाले. "पाहुणा नुकता येऊन टेकलेला. त्याला थंडीत एकटं टाकून आपण चालू पडायचं? बरं दिसतं का ते?"

"माझं काही नाही हो," सेगावा घाईघाईनं म्हणाला. "तुम्ही अगदी खुशाल जा."

"बघा, किती सभ्य मुलगा!" म्हणत कुणीतरी त्याच्या ताटलीत आणखी एक मुटका ठेवला.

किनुएनं शाळेतल्या मुलांना सांगावं तसं शांतपणे समजावलं. "आता अकरा सव्वीसची येईल. तिच्यात सगळ्यांनी चढायचं. हिराओकाला जा, नाहीतर पुढच्या कुरुमिसावाला उतरा, पण चढा." सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडीची शिटी बोगद्यातून ऐकू आली मात्र, एकेकाला कामं आठवली. अळंबी आत्ताच हंड्यात पडली होती. शेगडीकडे बघायला कुणीतरी हवंच होतं. निशिने आजोबा तर पाहुण्याला सत्तेचाळीस सालच्या पुराची हकिकत सांगत होते आणि पाणी अजून पुलापर्यंतही चढलं नव्हतं.

एकाच डब्याची ती गाडी थांबली. किनुएनं बटण दाबून दार उघडलं, पायरीवर चढली, यंत्रातून चढल्याची चिठ्ठी घेतली आणि मागं वळून बघितलं. चौदाच्या चौदा माणसं फलाटावर रांगेत उभी राहून तिला निरोप देत होती.

"सावकाश जा हं! ताकेजींना नमस्कार सांगा!"

दार लागलं. तिनं आतून काचेवर हात आपटला, तर त्यांना वाटलं, तीही हात हलवते आहे. ते आणखी जोरानं हात हलवू लागले.

शुश्रूषागृहात तिनं ताकेजीला लापशी भरवली आणि प्रत्येक चमच्यागणिक वाडीचा उद्धार केला. "चाळीस वर्षं सांगतेय मी, तुझी ही माणसं म्हणजे... आ कर... म्हणजे मधात पडलेल्या माशा. गोड गोड, आणि जागची हलायला नकोत." ताकेजीच्या उजव्या डोळ्याचा कोपरा जरासा हलला. तो हसत होता की नाही, देव जाणे. वाडगा मात्र त्यानं रिकामा केला. तिनं त्याची हनुवटी पुसली, आणि पुढचे चार महिने ही हनुवटी कोण पुसणार, हा विचार आल्याबरोबर तिचा पुन्हा तिळपापड झाला.

तीनच्या गाडीनं ती परतली. हंडा रिकामा झाला होता. सेगावाचे कान शेगडीच्या आचेनं लाल झाले होते, पट्टा एक भोक सैल होता. यंत्रावर आकडा होता एक. तो एक म्हणजे किनुएच.

"आजी," तो हळूच म्हणाला, "खरं म्हणजे मी काही बोलायचं नसतं. तरी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा यांनी मला कढण वाढलं."

मग मात्र किनुएचा बांध फुटला. "सकाळपासून इथं सण मांडलाय नुसता! पंधरा माणसांची वाडी, दहा माणसं चढायची, आणि तेवढं होत नाही तुमच्यानं?"

असला आवाज तिच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. मोरिवाकींचा चेहरा उतरला. "तुमच्यासाठीच केलं ना एवढं? हे वर जाऊन सांगतील, हानेसावाची माणसं किती चांगली म्हणून."

"ते चांगली माणसं मोजायला आलेले नाहीत! चढलेली माणसं मोजायला आलेत!"

चियोमीनं किटलीतला चहा ओतला.

"चहा घे," चियोमी म्हणाली आणि पेला पुढे केला. नाही म्हणता येईना म्हणून किनुएनं तो घेतला, आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही याचाही तिला संताप आला. पण चहा पिता पिता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ही माणसं स्वतःच्या गरजेसाठी बोटभर हलायची नाहीत, तिच्या गरजेसाठीही नाहीत. पाहुण्यासाठी मात्र विस्तवावरून चालतील.

"सेगावा-सान कितीच्या गाडीनं परतणार?" तिनं विचारलं.

"पाच दहाच्या."

"पोचवायला कोण जाणार?"

"कोण म्हणजे?" मोरिवाकी म्हणाले. "सगळेच फलाटावर उभे राहू की."

"फलाटावर." किनुएनं पेला खाली ठेवला. "तुमचे वडील पाहुण्याला वाडीच्या हद्दीपर्यंत पोचवायचे. गुडघाभर बर्फातून. मी नवी नवरी होते, पाहिलंय मी. आता काय, जागेवरून हात हलवला की झालं. असू दे. दिवसच तसे आलेत."

मोरिवाकींनी टोपी काढली, पुन्हा घातली. मान लाल झाली. "हद्द म्हणजे कुरुमिसावा," ते अखेर म्हणाले. "उठा रे सगळे!"

"नको, नको, एवढा त्रास—" सेगावा कासावीस झाला.

"तुम्ही मधे बोलू नका," मोरिवाकी करड्या आवाजात म्हणाले. "हा वाडीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

पाच दहाची गाडी आली. सेगावा दाराशी उभा राहिला आणि एकेक पाय पायरीवर पडला की त्याचा अंगठा खाली जाऊ लागला. निशिने आजोबांना दोघांनी वर चढवलं. त्यांच्या हकिकतीतला पूर एव्हाना पुलापर्यंत आला होता. किनुए सगळ्यात शेवटी होती, कारण एकही माणूस शेगडीच्या निमित्तानं मागं फिरू नये, याची तिला खात्री करायची होती.

"मी दुसऱ्यांदा चढतेय," ती म्हणाली. खोटेपणा तिला नको होता. "आणि हे नुसते पोचवायला आलेत."

"भाडं भरून जो चढेल तो प्रवासी, आजी," सेगावा म्हणाला. आकडा सोळा झाला.

बोगद्यात शिरल्यावर त्यानं विचारलं, "तुम्ही सगळे परत कसे येणार?"

चौदा तोंडं किनुएकडे वळली. मोटारी अकराच्या अकरा हानेसावाला होत्या. कुरुमिसावाहून परतीची गाडी सात पस्तीसला, आणि तिथल्या खोलीत ना शेगडी ना उशी. सव्वादोन तास सगळे एकमेकांना खेटून बसले. मोरिवाकी अधूनमधून म्हणत होते, "आधी नीट ठरवायला हवं होतं." किनुएनं दातावर दात धरले. माफी मात्र तिनं मागितली नाही.

महिनाअखेर पत्र आलं. या हिवाळ्यापुरत्या दोन गाड्या थांबतील, एक जाणारी, एक येणारी. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा मोजणी.

मोरिवाकींनी लगेच समाजमंदिरात सभा बोलावली. बाहेर रात्रीपासून वर्षाचं पहिलं बर्फ पडत होतं. "सरबराई फळाला आली," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी याहून थाटात करू. शेजारच्या खोऱ्यातले ढोलवाले बोलावू. किनुए-सान, तुमचं काय म्हणणं?"

किनुएनं तोंड उघडलं. चौदा चेहरे कौतुकानं तिच्याकडे बघत होते. तिनं तोंड मिटलं, लापशीचा डबा उचलला.

"आज गुरुवार. मी अकरा सव्वीसनं चाललेय. येतंय कुणी बरोबर?"

"पुढच्या वेळी नक्की!" सगळे एका सुरात म्हणाले.

ती एकटीच चढण चढून गेली. फलाटावर कुणीतरी खरंच फावडं मारलेलं होतं. गाडी आली आणि थांबली.