डाव्या हाताचं कुंपण

ते पत्र आलं तेव्हा डेस्मंड हॅलिवेल एकाहत्तर वर्षांचे होते. आता त्यांना पंचाहत्तरावं लागायला आलं होतं आणि उत्तर अजून द्यायचंच राहिलं होतं.

पत्र शेजारच्या ब्रेंडा ओल्डरॉइडबाईंचं. दोघांच्या दारांत फार तर बारा पावलांचं अंतर, तरी बाईंनी ते रीतसर तिकीट लावून टपालानं पाठवलं होतं. ऑटली गावातल्या त्या गल्लीत कुंपणाचा विषय कुणी तोंडी काढत नसे. मजकूर मोजका होता. आपल्यामधलं कुंपण कुजत चाललं आहे. ते तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे अर्थातच तुमचं. माझ्या कृष्णकमळानं ते पुरतं झाकून टाकलंय, याची मला कल्पना आहे. कुंपण बदलायचं झालं तर वेलाचं काय करू, ते कळवावं.

डेस्मंडनी त्याच दिवशी घराची कागदपत्रं काढली. जन्म लायब्ररीत गेलेला माणूस, पाहिल्याशिवाय लिहिणार कसा? नकाशात त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना खूण होती, म्हणजे कुंपण दोघांचं. डाव्या हाताचं कुंपण आपलं, हा इंग्रज माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळणारा समज. कायद्यात त्याला काडीचा आधार नाही. पण हे बाईंना कळवायचं कसं? कळवावं तर एका विधवेची चूक काढल्यासारखं होणार, न कळवावं तर खोटं बोलल्यासारखं. शिवाय वेल काढा म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. इतकी वर्षं जपलेला वेल, बाईंचा जीव असणार त्यावर.

अकरा कच्चे मसुदे झाले. एक फार कोरडा वाटला, दुसरा फार लाचार. महिना उलटल्यावर उशिराबद्दल माफी मागणं आलं आणि वर्षानंतर त्या माफीचीही माफी मागायची वेळ आली. मग त्यांनी तो नादच सोडला.

पण पत्र काही त्यांना सोडीना. बाईंच्या बागेचं दार वाजलं की ते घरात शिरत. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा तर आधी पडद्याआडून अंदाज घेत. वेल कुंपणावरून अलीकडे उतरला, त्याच्या ताण्यांनी खुर्ची धरली, स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागू लागला. स्वतःच्याच बागेत ते चोरासारखे वागत. या बाईंच्या लेखी आपण मरेपर्यंत उद्धटच राहणार, ही बोच त्या अंधाराहून जास्त होती.

फेब्रुवारीतल्या वादळानं निकाल लावला. सकाळी पाहतात तर कुंपण अख्खंच्या अख्खं त्यांच्या बाजूला कललेलं, दारू प्यायलेल्या पाहुण्यासारखं. आता हातपाय हलवणं भागच होतं. त्यांनी गॉर्डन टॅटरसॉलला बोलावलं. गॉर्डन तीस वर्षं गावभर कुंपणं बसवत आलेला, तोंडाचा फटकळ गडी. त्यानं एका खांबाला बोट लावलं तर बोट आत गेलं.

"हॅलिवेलसाहेब, कुंपण मेलंय कधीच," तो म्हणाला. "वेलानं धरून ठेवलंय म्हणून उभं दिसतंय. आणि पाखरं घरटी बांधायच्या आत उरकायला हवं. एकदा अंडी घातली की मी सप्टेंबरपर्यंत हात लावायचा नाही. शेजारणीला विचारलंत का?"

डेस्मंडनी घसा साफ केला. म्हणाले, पत्रव्यवहार सुरू आहे.

"केव्हापासून?"

"तीन वर्षं झाली."

गॉर्डननं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग उलट्या बादलीवर चढून पलीकडे हाक मारली, "ब्रेंडाबाई, जरा बाहेर या हो!"

डेस्मंडना पळून जावंसं वाटलं. पण मागे भिंत होती आणि पुढे गॉर्डन. पानांतून बाईंचा चेहरा दिसला, पांढरे केस, हातात भांडी पुसायचं फडकं. तीन वर्षांत त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि हे आपल्याला कळलंही नाही, याची त्यांना लाज वाटली.

गॉर्डननं सरळ विचारलं, वेल ठेवायचा की तोडायचा. बाई डेस्मंडकडे पाहून अवघडल्या.

"ते यांना विचार," त्या म्हणाल्या. "यांचा जीव आहे त्याच्यावर."

"माझा?" डेस्मंडच्या तोंडून निघून गेलं.

"मी काढू का म्हणून विचारलं, तर तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. मला वाटलं, फार लागलं तुम्हाला. म्हणून मग दरवर्षी खत घालत आले मेल्याला. माझ्या धुण्यावर पडणारं ऊन खाल्लंय त्यानं."

"मला वाटलं, तुमचा जीव आहे."

"माझा? अहो, आधीच्या मालकांनी लावलेला. मला तर त्याची फुलं बघूनसुद्धा धडकी भरते, घड्याळासारखी टक लावून बघतात."

गॉर्डननं करवत काढली. "तीन वर्षं दोघं मिळून ज्याला पोसताय, तो दोघांनाही नकोय," तो म्हणाला. "चहा टाका कुणीतरी."

चहा बाईंनी टाकला. डेस्मंडना वाटलं, आता सांगितलं नाही तर पुन्हा तीन वर्षं जातील. कपाकडे बघत त्यांनी नकाशाचं सांगून टाकलं, की कुंपण डाव्या हाताचं नाही, दोघांचं आहे. बाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, मग बरंच झालं, रंगाबाबत मलाही बोलता येईल.

नियमाप्रमाणे तोडलेल्या फांद्या वेलाच्या मालकाला परत द्यायच्या असतात. त्या हव्यात का, असं गॉर्डननं विचारल्यावर बाईंनी नको नको म्हणत दोन्ही हात वर केले. पुढे एकच अडचण आली. फळ्यांची चांगली, म्हणजे खांब न दिसणारी बाजू शेजाऱ्याकडे करायची ही तिथली रीत, आणि चांगली बाजू तुम्ही घ्या, छे, तुम्हीच घ्या, असं दोघांचं पाऊण तास चाललं. शेवटी दोन्हीकडून सारखं दिसणारं कुंपण बसवून गॉर्डननं आपली सुटका करून घेतली.

शनिवारी काम संपलं. रविवारी डेस्मंडनी दिवा न लावता स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचलं. मग खुर्ची बागेत नेली. पलीकडे बाई चादरी वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "काय मग, त्या पत्राचं उत्तर मिळणार की नाही? मी अजून वाट बघतेय."

थट्टाच होती. पण डेस्मंड आत गेले आणि त्यांनी कागद घेतला. प्रिय मिसेस ओल्डरॉइड, आपल्या पत्राबद्दल आभार. वेल काढायला माझी हरकत नाही. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण एवढंच, की मी घाबरलो होतो. बुधवारी चहाला याल का?

मसुदा एकच झाला. पुन्हा वाचला असता तर दुसरा झाला असता, म्हणून त्यांनी तो वाचलाच नाही. बाईंच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून टाकायला बारा पावलं पुरली असती. पण त्या वाटेवरून ते अर्ध्यातच परतले असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिकीट चिकटवलं, टोपी घातली आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेले. पाकीट अर्धं आत सरकवून क्षणभर थांबले, आणि सोडून दिलं.